खांब नंतर, आधी तुळई बघा

देवळाच्या मंडपात शिरलं की नजर खांबावर जाते. कोरीव काम डोळ्यांच्या उंचीवर असतं, हात लावून बघता येतं, फोटोही खांबाचाच चांगला येतो. पण मंडप उभा कसा राहिला, खांब इथेच का आणि दोन हात पलीकडे का नाही, हे खांबाकडे बघून कळत नाही. त्यासाठी मान वर करून दोन खांबांच्या डोक्यावर आडवी पडलेली तुळई बघावी लागते. दगडी मंडपाचा सगळा आराखडा त्या आडव्या दगडाच्या कुवतीवर बेतलेला असतो. खांब किती, कुठे, किती अंतरावर, हे सगळं तिने ठरवलेलं असतं. मंडपाची दुखणीही बहुतेक वेळा आधी तिच्यातच दिसतात.

घरांच्या बाबतीत हे आपल्या बोलण्यात कधीच मुरलेलं आहे. 'दोन खणांची खोली', 'पाच खणी घर' असं आपण म्हणतो. घर फुटांत न मोजता खणांत मोजायचं, कारण वाड्याच्या सांगाड्यात तुळई जेवढं अंतर पेलते तेवढंच एका खणाचं माप. देवळाचा मंडपही असाच खणांनी वाचायचा असतो. फरक एवढाच, की वाड्याची तुळई सागाची आणि देवळाची काळ्या पाषाणाची. या एका फरकाने पुढचं सगळं बदलतं.

लाकडाला ताण सोसतो, दगडाला सोसत नाही. तुळईवर भार आला की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते. वाकताना तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाबाला बेसॉल्टइतका, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाइतका, भरवशाचा दगड क्वचितच मिळेल, पण त्याची ताण सोसण्याची कुवत दाबाच्या कुवतीच्या दहाव्या हिश्शाएवढी धरावी, त्यातही एखादी शीर किंवा पोकळी असली की आणखी कमी. इराणमधल्या पर्सेपोलिसच्या अपादानात, म्हणजे तिथल्या राजदरबारात, ३६ खांबांचं चौरस दालन आहे, सहाच्या सहा ओळी. दोन खांबांमध्ये साडेआठ मीटरहून जास्त अंतर आहे आणि खांब १९-२० मीटर उंच असूनही सडपातळ आहेत, कारण वरचं छत देवदाराच्या लाकडाचं होतं. इजिप्तमधल्या कर्नाकच्या दालनात मात्र तुळया आणि छत दगडाचं, म्हणून तिथे १६ ओळींत १३४ खांब लागले, तेही असे जाडजूड की दालनात तिरकं बघितलं तर पलीकडची भिंत दिसत नाही. त्या गर्दीचं कारण दगडी तुळईची लांबी आहे.

आकड्यांत मांडलं की हे अधिक स्पष्ट होतं. हिशेबासाठी एक साधा चौरस खण घेऊ. खांबाच्या मध्यापासून खांबाच्या मध्यापर्यंत अडीच मीटर. तुळई अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. तिच्यावर ३० सेंटिमीटर जाडीच्या छतशिळा, त्यांच्यावर ३० सेंटिमीटर भराव. बेसॉल्ट घनमीटरला सुमारे २.८ टन, भराव १.८ टन. एकटी तुळई पावणेदोन टनांची झाली. एका खणाच्या छतशिळा सव्वापाच टन, भराव साडेतीन टनांच्या जरा आत. छतशिळा एकाच दिशेने टाकल्या असतील तर मधल्या तुळईवर दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा खण येतो, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनासकट साडेदहा टनांच्या आसपास.

आता याच खणात खांबाचं बघा. आतल्या खांबावर एका खणाचं छत आणि दोन दिशांच्या तुळया मिळून बारा टन येतात. खांबाची सगळ्यात बारीक जागा, म्हणजे गळा, ३५ सेंटिमीटर व्यासाचा धरला तर दर चौरस सेंटिमीटरला साडेबारा किलोचा दाब पडतो. चांगला बेसॉल्ट हजार किलोहून जास्त दाब घेतो. खांब आपल्या ताकदीचा ऐंशीवा भागसुद्धा वापरत नाही. तुळईच्या तळाला मात्र त्याच वेळी चौरस सेंटिमीटरला पंधरा-सोळा किलोचा ताण बसतो आणि तिची कुवत शंभर किलोच्या आसपास धरली तर तिने सहावा भाग वापरून टाकलेला असतो. तोही दगड निर्दोष असेल तर.

म्हणूनच पाथरवटाने खांबाला वाटेल तसं कोरलं. चौकोनी ठोकळा, मग अष्टकोन, मग गोल कंगोरे, मध्येच नागबंध, कुठे शिल्पपट्ट. खांबाचा निम्मा दगड टाकीखाली उडवला तरी त्याला फरक पडत नाही. तुळईच्या तळाशी मात्र नक्षी बहुधा उथळ असते. तळाला खोल कोरणं म्हणजे नेमका ताणाच्या जागी दगड कमी करणं, आणि त्या खाचेच्या कोपऱ्यातूनच चीर सुरू होते.

अंतर वाढवलं की काय होतं? तुळईवरचा दर मीटरचा भार तोच ठेवून अंतर दुप्पट केलं, तर तळाचा ताण चौपट होतो. खणाची लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट केली तर दर मीटरचा भारही दुप्पट होतो आणि ताण आठपट. वर काढलेल्या सोळा किलोचे थेट एकशे अठ्ठावीस. तुळई जाड करावी म्हटलं तर तिचं स्वतःचं वजन वाढतं आणि ती खाणीतून काढणं, आणणं, वर चढवणं दर पायरीला अवघड होत जातं. म्हणून मोठा मंडप हवा असेल तर खण वाढवायचे, खणाचं माप वाढवायचं नाही. चार मधले खांब आणि भोवती बारा, म्हणजे चार-चारच्या ओळी आणि नऊ खण, ही नवरंगाची मांडणी दख्खनभर दिसते ती याच हिशेबातून. वेरूळच्या कैलासाच्या मंडपातही सोळा खांब आहेत, चार-चारच्या चार गटांत, मध्ये क्रूसासारखे दोन रुंद मार्ग सोडून. कैलास एकसंध कातळातून खोदलेला, त्याला खरी तुळई नाहीच, तरी मांडणी तुळईचीच आहे.

खांबाच्या डोक्यावरचे हात

खांबाचे भाग खालून वर असे: कुंभी म्हणजे तळाचा दगड, त्यावर मुख्य स्तंभ, त्यावर भरणी, तिच्यावर शीर्ष, आणि मग पाट म्हणजे तुळई. यात सगळ्यात जास्त काम करतो तो शीर्षाचा दगड, ज्याचे हात चार दिशांना बाहेर आलेले असतात. त्या हातांखाली बऱ्याच ठिकाणी कीचक बसवलेले असतात: पोट सुटलेले, गुडघे दुमडलेले, दोन्ही तळवे वर करून भार पेलणारे.

हे हात शोभेचे नाहीत. खांबाच्या डोक्याची रुंदी ५० सेंटिमीटर असेल तर वरच्या उदाहरणात दोन खांबांमध्ये तुळईला मोकळं अंतर उरतं २ मीटर. शीर्षाची एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतची लांबी १ मीटर केली की मोकळं अंतर दीड मीटरवर येतं. अंतर चतुर्थांशाने कमी झालं, पण ताण जवळजवळ निम्म्यावर आला, कारण ताण अंतराच्या वर्गाने चालतो. दुसरा फायदा टेकण्याच्या जागेचा. दोन तुळया एकमेकींना खांबाच्या मध्यावर भिडतात. शीर्ष नसेल तर प्रत्येकीला टेकायला २५ सेंटिमीटर मिळतात, शीर्षामुळे ५० मिळतात. खांब जरा हलला, तुळई दोन बोटं सरकली, तरी ती पडत नाही.

हाताचीही एक दुबळी बाजू आहे. तो बाहेर झुकलेला असल्यामुळे त्याचा ताण वरच्या अंगाला असतो, मुळाशी. म्हणून हात मुळाशी जाड आणि टोकाला निमुळता हवा. कीचक नेमका त्या मुळाखालची जाडी वाढवतो. मंडपाच्या कडेच्या खांबावर आणखी एक अडचण येते: आतल्या हातावर तुळईचा भार आहे आणि बाहेरच्या हातावर नुसता छज्जा. छज्ज्याचा दगड ६० सेंटिमीटर बाहेर काढायचा तर त्याची शेपूट आत तेवढीच किंवा जास्त असावी लागते, आणि त्या शेपटीवर छताचं वजन बसावं लागतं. जुन्या मंडपाचं वरचं वजन ढासळलं की आधी छज्जे पडतात, ते यामुळे. त्यानंतर कक्षासनावरचे, म्हणजे कडेच्या दगडी बाकावरचे, बुटके खांब मोकळे होतात.

दगड एकावर एक बसवताना चुना वापरलेला नसतो, हे आपण 'हेमाडपंती'चं लक्षण म्हणून शाळेपासून ऐकतो. त्या नावाबद्दल थोडं बोलायला हवं. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री पंडित, हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या काळातला श्रीकरणाधिप, दप्तराचा मुख्य अधिकारी, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातला. दोनशे वर्षं आधीच्या देवळाला हेमाडपंतांचं नाव देण्यात काही अर्थ नाही. सुकी बांधणी ही त्याच्या कितीतरी आधीपासूनची रीत आहे. अंबरनाथ आणि सिन्नरचं गोंदेश्वर ही दोन्ही भूमिज शैलीची, म्हणजे शिखरावर छोट्या शिखरांच्या ओळी चढवलेली देवळं, आणि त्यांना त्या नावानेच ओळखावं.

सुक्या सांध्यात दगड सरकू नये म्हणून खाच आणि कूस असते. खालच्या दगडाच्या मध्यावर उंचवटा, वरच्या दगडाच्या तळाला त्याच मापाची खाच. इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला की खांब फुटतो. कुशीने भार घ्यायचा नसतो, तिने फक्त सरकणं अडवायचं असतं. खाच कुशीपेक्षा बोटभर खोल हवी. कूस खाचेच्या तळाला आधी टेकली आणि भोवतीचा सपाट भाग अधांतरी राहिला, तर बारा टन त्या मुठीएवढ्या दगडावर येतात आणि वरचा दगड पाचर मारल्यासारखा उभा चिरतो. सपाट भागही खरोखर सपाट हवा. एका पृष्ठावर गेरू लावून दुसरा दगड वर ठेवून उचलायचा. गेरू लागेल तो उंचवटा, तिथे परत टाकी. कडा उंच राहिल्या तर भार कडांवर येतो आणि त्यांचे कपचे उडतात. खांबाच्या सांध्यापाशी चारही बाजूंनी कपचे गेलेले दिसले तर बहुतेकदा हेच कारण असतं. लोक त्याला मूर्तिभंजकांचा घाव समजतात.

बारीक नक्षी पुष्कळदा दगड जागेवर बसवल्यावर करत. अर्धवट राहिलेल्या मंडपांत एका खांबावर पूर्ण काम आणि शेजारच्यावर नुसते आखलेले ठोकळे दिसतात. हे शहाणपणाचं होतं. तीन-तीन टनांचे दगड मातीच्या उतारावरून, ओंडक्यांवरून, पहारींनी ढकलत न्यायचे म्हणजे कोपरे उडणारच.

छत: चौकोन लहान लहान करत जाणं

खणावर एकच मोठी शिळा टाकण्याऐवजी कोपरे कापत जाण्याची एक युक्ती आहे आणि ती मला या सगळ्या बांधणीतली सर्वांत हुशार वाटते. चौकोनी खणाच्या चार कोपऱ्यांवर चार त्रिकोणी दगड ठेवायचे. त्यांच्या कडांनी आत नवा चौकोन तयार होतो, ४५ अंशांत वळलेला. खण २ मीटरचा असेल तर हा चौकोन १.४१ मीटरचा. त्याच्यावर परत चार त्रिकोण, आता आतला चौकोन बरोबर १ मीटरचा आणि पहिल्या दिशेला सरळ. दर थराला क्षेत्रफळ निम्मं. शेवटी मीटरभराची एक शिळा झाकण म्हणून पुरते, तिच्यावर कमळ कोरायचं. दोन मीटर अंतर पेलणारा एकही दगड छतात नाही, आणि प्रत्येक त्रिकोण आपल्या दोन बाजूंनी खाली टेकलेला आहे.

मधल्या मोठ्या खणावर याच्या पुढची पायरी असते. चार तुळयांचा चौकोन, कोपऱ्यांवर आडव्या शिळा टाकून त्याचा अष्टकोन, मग सोळा बाजू, मग गोल कडी. प्रत्येक कडी खालच्या कडीपेक्षा वीतभर आत. याला करोटक म्हणतात, आपल्याला तो घुमट वाटतो. पण कमानीच्या घुमटासारखे इथले सांधे तिरके नाहीत. इथले थर आडवे आहेत. दगड आत का कोसळत नाही? पहिलं कारण, त्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा जड असते आणि तिच्यावर वरचा भराव बसलेला असतो. दुसरं, कडीतले दगड पुढे निमुळते आणि मागे रुंद घडवलेले असतात. एक दगड आत झुकू लागला तर शेजारचे दोघे त्याला दोन्ही अंगांनी आवळतात. पूर्ण झालेली कडी स्वतःलाच धरून ठेवते. अर्धवट कडी मात्र धरून ठेवत नाही, म्हणून काम चालू असताना प्रत्येक कडी पूर्ण होईपर्यंत खालून टेकू हवेतच.

अंबरनाथला मधल्या चार खांबांवर असं छत आहे. आत अंधार असतो, टॉर्च हवाच. प्रकाश सरळ वर न मारता बाजूने, छताला जवळजवळ समांतर टाका. कड्यांमधल्या पायऱ्या सावलीने उठून दिसतात आणि मोजता येतात.

ही गोष्ट सगळ्यात उघडपणे बघायची तर कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला जावं, कृष्णेच्या काठी, कोपेश्वराच्या देवळात. शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात उभं राहिलेलं हे देऊळ, यादव सिंघणाचाही शिलालेख तिथे आहे. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा. मध्ये छताला सुमारे १३ फुटांचं गोल उघडं तोंड, आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल रंगशिळा. तोंडाभोवती १२ खांबांचं कडं.

बारा का, याचं उत्तर साध्या भूमितीत आहे. खांब वर्तुळावर समान अंतराने उभे केले तर दोन शेजारच्या खांबांमधलं अंतर व्यासाच्या जेमतेम एक चतुर्थांश भरतं. चार खांब असते तर तेच अंतर व्यासाच्या सत्तर टक्के झालं असतं. बारामुळे तेरा फुटांचं तोंड मिळालं आणि खांबाखांबांतली तुळई मात्र आखूड राहिली. तुळयांवर आत सरकत जाणाऱ्या कड्या आल्या, आणि शेवटची कडी पूर्ण झाल्यावर त्यांना वर झाकणाच्या शिळेची गरज उरली नाही. हे छत अपुरं राहिलं की मुद्दाम उघडं ठेवलं, होमाचा धूर जावा म्हणून ठेवलं का, यावर लोक वाद घालतात. बांधणीच्या अंगाने बघितलं तर तोंड उघडं ठेवल्याने छताला काहीच उणं पडत नाही. त्या तोंडाच्या कडेखाली उभं राहून कडीतले उभे सांधे बघावेत. ते सगळे वर्तुळाच्या केंद्राकडे रोखलेले दिसतात. त्या सांध्यांत पान शिरणार नाही इतके दगड आवळलेले असले, तर कडी अजून काम करते आहे.

जिथे खांबावर भारच नाही

लेण्यांत हा सगळा हिशेब उलटा होतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात ३७ खांब आहेत: दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, आणि स्तूपामागे सात साधे अष्टकोनी. बाजूच्या खांबांना तळाला घट, डोक्यावर स्वार बसलेले प्राणी, आणि कित्येकांवर दान देणाऱ्यांचे लेख, त्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकही. पण कातळ वरून खाली खोदत आणलेला, त्यामुळे छत डोंगराला धरून आहे, ते खांबावर ठेवलेलं नाही. कमानीच्या पोटातल्या लाकडी फासळ्याही काही पेलत नाहीत. भाजे त्याहून जुनं. तिथले अष्टकोनी खांब आत झुकलेले आहेत. लाकडी चैत्यगृहात कमानदार छप्पर खांबांना बाहेर ढकलतं, म्हणून सुतार खांब आत कलते रोवत असणार. कातळाला त्याची गरज नव्हती, तरी कारागिराने ती सवय जशीच्या तशी खोदली.

लेण्यातल्या खांबावर भार नसतो, याचा पुरावा म्हणजे घारापुरीचे जुने फोटो. खांबाचा धड भाग फुटून गेलेला, आणि वरची उशीसारखी भरणी छताला नुसती लटकलेली. बांधीव मंडपात हे अशक्य आहे.

अर्थात कातळालाही मर्यादा असते. अजिंठ्याचं ४ नंबरचं लेणं तिथला सगळ्यात मोठा विहार, २८ खांबांचा, अपुरा राहिलेला. खोदताना दगडातल्या दोषामुळे छताचा थर सुटून पडला आणि छत आणखी वर न्यावं लागलं. ६ नंबरच्या खालच्या मजल्यावर तर मधोमध खांबांच्या चार ओळी आहेत, प्रत्येकी चार. वर दुसरा मजला खोदायचा म्हटल्यावर मध्ये मोकळं दालन सोडण्याची त्यांची हिंमत झाली नसावी. खांब शोभेसाठी की भीतीपोटी, हे अशा मांडणीवरून कळतं.

काय बिघडतं आणि का

तुळईच्या मध्यावर, तळाकडून वर गेलेली उभी चीर, ही सगळ्यात नेहमीची. ती दिसली म्हणजे मंडप आज पडणार असं नाही. चिरलेली तुळई दोन तुकड्यांची होऊन वरच्या कडेने एकमेकींना रेटत उभी राहू शकते, पण दोन्ही बाजूंचे खांब जागचे हलले नाहीत तरच. म्हणून चीर दिसली की पुढचा प्रश्न खांबांचा: ते सरळ आहेत का? ओळंबा सोडून बघा. तीन मीटरच्या खांबाचा तळ ५० सेंटिमीटर चौरस असेल, तर डोकं आठ सेंटिमीटर सरकेपर्यंत भाराची रेघ तळाच्या मधल्या एक तृतीयांशात राहते. त्यापुढे गेलं की तळाचा सांधा एका अंगाने उघडतो. त्या सांध्यात पोस्टकार्ड एका बाजूने सहज शिरत असेल तर ते गंभीर आहे.

चीर जुनी की नवी? जुन्या चिरेच्या कडा तेलकट, काजळीने काळ्या, आत कोळ्याची जाळी. नवी चीर करडी, कोरडी, कडा धारदार. चालू आहे का हे बघायला चिरेवर काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरच्या टिकल्यांनी चिकटवायची आणि टिकलीवर तारीख घालायची. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्यायचा. काच फुटली तर हालचाल चालू आहे. ज्या देवळात हे करायचं तिथल्या पुजाऱ्यांना आणि गावकऱ्यांना आधी सांगा, नाहीतर कुणीतरी स्वच्छतेच्या दिवशी पट्टी काढून टाकतं. देऊळ संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय यातलं काही करू नये.

चीर येते त्याची कारणं बहुतेक वेळा वर, छतावर असतात. भरावातली पावसाच्या पाण्याला वाट देणारी मूळ उतरण बुजते, पाणी मुरतं, १.८ टनांचा भराव दोन टनांवर जातो, वर गवत उगवतं, मग पिंपळ. पिंपळाचं मूळ सांध्यात घुसून दगड उचलतं आणि छत गळू लागतं. रोप उपटू नये; उपटलं की मुळाबरोबर सांधा उघडतो. बुंध्याशी कापावं, खोडात औषध घालून मूळ मारावं, आणि ते वाळल्यावर सांधा चुन्याने भरावा.

यावर गावोगावी केला जाणारा उपाय म्हणजे छतावर सिमेंटचा स्लॅब. दहा सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला पाव टन. वरच्या उदाहरणातल्या खणावर तो दीड टन नवं वजन घालतो, म्हणजे आधीच चिरलेल्या तुळईवर पंधरा टक्के वाढीव भार. शिवाय त्याखाली जुना ओला भराव कोंडतो, तो वेगळाच. हे फार वाईट आहे, आणि भक्तीने, वर्गणी काढून केलं जातं म्हणून त्याविरुद्ध बोलायला कुणी धजत नाही. उपाय साधा आहे: जुना ओला भराव उतरवायचा, सुकवायचा, हलका थर घालायचा, वर चुन्याचा कोबा करून उतार परत द्यायचा. त्याने वजन कमी होतं.

खालच्या बाजूची चूक म्हणजे फरशी. जुन्या फरसबंदीवर गुळगुळीत टाइल्स बसवल्या की जमिनीतली ओल वर यायला खांबाचा तळ एवढीच वाट उरते. कुंभीच्या दगडाला पांढरे क्षार फुटतात, पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. क्षारांनी खांब पडतात का, असं कुणाला वाटत असेल तर कर्नाक आठवावं. ३ ऑक्टोबर १८९९ रोजी त्या दालनातले ११ खांब एकदम कोसळले. खालचं पाणी, क्षार आणि कमकुवत पाया यांनी तळ खाल्लेला होता. आपल्याकडे काळ्या मातीवर उभारलेल्या मंडपांना आणखी एक जाच असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरुमापर्यंत नेलेला असेल तर चिंता नाही. नसेल तर कडेचे खांब आधी बसतात. मंडपाला लागून बोअर घेणं, सांडपाणी सोडणं, हातपाय धुण्याचे नळ बसवणं, हे सगळं त्यात भर घालतं.

खांबांना तेलरंग देणं हे तर सर्रास. रंगाने दगडातली ओल आत कोंडते, आणि मग रंग काढायला वाळूचा फवारा मारला की रंगाबरोबर नक्षीची धारही जाते. चिरांत सिमेंट भरणं तेवढंच घातक. आणि लोखंड: फुटलेल्या दगडाला जोडायला घातलेल्या सळ्या गंजून मूळ आकाराच्या कित्येक पट फुगतात आणि दगड आतून फोडतात. जोडायचंच असेल तर स्टेनलेस स्टील, तेही त्या कामातल्या माणसाच्या हातून.

मंडप मोजायला निघणार असाल तर टेप, ओळंबा, टॉर्च, वही एवढं पुरे. खडूने दगडावर खुणा करू नका. आधी खण मोजा, मग मध्य ते मध्य अंतर, मग शीर्षाच्या टोकांमधलं मोकळं अंतर, शेवटी तुळईची खोली. मोकळ्या अंतराला खोलीने भागा. आपल्या उदाहरणात दीड मीटर भागिले अर्धा मीटर, उत्तर तीन. हा भागाकार प्रत्येक खणासाठी करून नकाशावर लिहा आणि चिरलेल्या तुळयांवर खूण करा. ज्या खणात आकडा सगळ्यात मोठा, तिथे टॉर्च परत एकदा मारा. तिथे तुळईखाली नंतर घुसवलेला साधा, बिननक्षीचा खांब किंवा दगडांचा चौथरा असेल तर तो हलवू नका, 'मूळ मांडणीत नव्हता' म्हणून काढूही देऊ नका. कुणीतरी शंभर-दोनशे वर्षांपूर्वी ती चीर पाहिली होती आणि टेकू दिला होता.